करडईची शेती: ओलीचा हिशेब, पेरणीपासून घाण्यापर्यंत

करडईचा अर्धा निकाल पेरणीच्या दिवशीच लागलेला असतो. वाण कोणतं, खत किती, फवारणी कशाची यावर पुष्कळ बोललं जातं. पण सोलापूर, बीड, धाराशिव, लातूर, परभणी या पट्ट्यातल्या कोरडवाहू काळ्या रानांत करडई फसते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर पेरणी उशिरा होते, नाहीतर जमिनीत खोलवर ओल नसताना होते. मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडणं, दाणा बारीक राहणं, बोंडं पोचट निघणं या पुढच्या तक्रारी बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. म्हणून या लेखात पेरणीचे दिवस आणि ओल यांना जास्त जागा दिली आहे.

झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच कुळातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर अनेक बारीक नळीदार फुलांचा गुच्छ असतो आणि एकेका फुलाखाली एक दाणा धरतो. गुच्छाभोवती काटेरी हिरव्या पानांचं वेष्टण असतं, तेच पुढे बोंड म्हणून दिसतं. एका झाडाला 20 ते 40 बोंडं लागतात, जोमदार झाडाला त्याहून जास्त. एका बोंडात साधारण 20 ते 40 दाणे भरतात.

उगवल्यानंतर पहिले चार-पाच आठवडे हे झाड जमिनीलगत पानांचा पसारा करून बसतं आणि वर जवळजवळ काहीच वाढत नाही. नवख्या माणसाला वाटतं पीक खुंटलं, म्हणून तो युरिया फेकतो. त्या काळात सगळं काम जमिनीखाली चाललेलं असतं. सोटमूळ सरळ खाली उतरत असतं आणि भारी जमिनीत ते दीड-दोन मीटरपर्यंत जातं. ज्वारी-हरभऱ्याच्या मुळांच्या आवाक्याबाहेरची ओल करडई वापरू शकते ती या मुळामुळे.

रान आणि ओल

जमीन मध्यम ते भारी, निचऱ्याची, किमान 60 सेंटिमीटर खोल हवी. मुरमाड, हलक्या रानात करडई पेरू नये. तिथे मूळ खाली जाण्याआधीच ओल संपते. थोडी चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेली) किंवा खारवट जमीन हे पीक इतर बऱ्याच पिकांपेक्षा चांगलं सोसतं. पाणी साचणं मात्र अजिबात सोसत नाही. शेताचा जो कोपरा पावसाळ्यात तुंबतो, तो सोडून द्यावा किंवा आधी चर काढून घ्यावा.

एक मीटर खोल काळी जमीन पूर्ण भिजली की पिकाला वापरता येईल असं साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवते. कोरडवाहू करडईची गरज साधारण 250 ते 300 मिलिमीटरची. म्हणजे रान मीटरभर तरी भिजलेलं असेल, मूळ त्याच्याही खाली पोचणार असेल आणि मधे एखादी सर किंवा एखादं पाणी मिळालं, तर पीक निभावतं. ओल फक्त वीतभर खोल असेल तर उगवण छान दिसेल, पण डिसेंबरात झाडं माना टाकतील.

ओल किती खोल आहे ते पाहायला बोटभर जाडीची, टोकदार लोखंडी सळई घ्या. ती दोन्ही हातांनी सरळ खाली दाबा. ओल्या मातीत ती सहज उतरते आणि कोरडा थर लागला की अडते. शेतात पाच-सहा ठिकाणी हे करा, बांधाजवळ एकदा, मधोमध एकदा, चढावर एकदा. सळई 60 सेंटिमीटरच्या वरच अडत असेल आणि हाताशी पाणी नसेल, तर त्या वर्षी त्या तुकड्यात करडई न पेरलेली बरी.

खरिपात रान मोकळं ठेवलं असेल तर प्रत्येक मोठ्या पावसानंतर वाफसा येताच, म्हणजे चिखल जाऊन माती ओलसर-मोकळी होताच, कुळवाची पाळी घालावी. तणं मरतात, वरचा थर भुसभुशीत राहतो आणि खालची ओल टिकते. शेवटची पाळी पेरणीच्या अगदी तोंडावर, उताराला आडवी.

सोयाबीन, मूग किंवा उडदामागे करडई घ्यायची असेल तर वेळेची खरी लढाई सोयाबीनच्या काढणीनंतर असते. उघडं पडलेलं काळं रान ऑक्टोबरच्या उन्हात भराभर वाळतं. नांगरट करून ढेकळं उलथली तर उरलीसुरली ओलही जाते. अशा वेळी नांगर बांधावरच ठेवा. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत एक हलकी कुळवणी करून, किंवा रान स्वच्छ असेल तर तीही न करता, थेट पेरा. खळं लांबलं तरी चालेल, पेरणी लांबू देऊ नका.

पेरणी कधी

कोरडवाहू करडईसाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा काळ. शेतकऱ्यांच्या भाषेत उत्तरा सरता सरता ते हस्त नक्षत्र. पाण्याची सोय असेल तर ऑक्टोबरअखेरपर्यंत पेरता येते.

या चौकटीच्या दोन्ही कडांना वेगवेगळा धोका आहे. फार लवकर, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरलं तर परतीच्या पावसात कोवळी रोपं सापडतात. पानांवर ठिपके पडतात, मुळं कुजतात आणि तण पिकाच्या वर जातं. उशिरा पेरलं तर नुकसान दुहेरी. एकीकडे वरची ओल गेलेली असते. दुसरीकडे डिसेंबर-जानेवारीत मावा शिखरावर असतो, तेव्हाच पिकाचे शेंडे सर्वांत कोवळे असतात. वेळेवर पेरलेलं पीक तोवर टणक होऊन फुलोऱ्याकडे वळलेलं असतं. मावा तिथेही येतो, पण नुकसान कमी करतो. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेल्या करडईवर दोन-तीन फवारण्या करून हाती जेमतेम उत्पन्न येतं. त्यापेक्षा तेव्हा हरभरा घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

हस्ताचा पाऊस येईल या आशेवर थांबायचं की आहे त्या ओलीवर पेरायचं, हा दरवर्षीचा पेच. सळई पुरेशी खोल जात असेल आणि 5 सेंटिमीटर खोलीवरच्या मातीचा मुठीत गोळा होत असेल, तर थांबू नका.

वाण

आधी एकच प्रश्न सोडवा: काटेरी की बिनकाट्याची? काटेरी वाणांना जनावरं तोंड लावत नाहीत, पोपटांचा त्रासही कमी होतो. पण कापणीला माणसं मिळत नाहीत. करडईचं क्षेत्र घटण्यामागे हे एक मोठं कारण आहे. गावात हार्वेस्टर येत असेल तर काट्याची फारशी चिंता नको, काटेरी वाण खुशाल पेरा. हार्वेस्टर नसेल, किंवा फुलांच्या पाकळ्या गोळा करायच्या असतील, तर बिनकाट्याचं वाण घ्या.

काटेरी वाणांत भीमा हे जुनं आणि कोरडवाहूसाठी भरवशाचं, माव्याला बऱ्यापैकी तोंड देणारं वाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं करडईवरचं काम सोलापूरच्या केंद्रात चालतं. फुले कुसुमा, एसएसएफ-708 ही वाणं याच विद्यापीठाची. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शारदा आणि परभणी कुसुम म्हणजेच पीबीएनएस-12 ही वाणं मराठवाड्यात चांगली रुळलेली आहेत. बिनकाट्याच्यात परभणीचं पीबीएनएस-40 आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं नारी-6 आहे. याच संस्थेचा नारी-एनएच-1 हा बिनकाट्याचा संकरित वाण आहे. त्याचं बियाणं मात्र दरवर्षी नवं घ्यावं लागतं.

बहुतेक वाणं 115 ते 135 दिवसांत तयार होतात. ओल कमी असलेल्या रानात लवकर येणारं वाण घेणं शहाणपणाचं.

बियाणं आणि बीजप्रक्रिया

एकरी 4 ते 5 किलो बियाणं पुरतं. हिशेब असा: दोन ओळींत 45 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 20 सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरात साधारण 44 ते 45 हजार झाडं बसतात. शंभर दाणे 5 ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे साडेचार किलोत 90 हजारांच्या घरात दाणे आले. गरजेच्या दुप्पट. काही उगवत नाहीत, काही मरतात आणि बाकीची विरळणीत काढायची असतात. याहून दाट पेरून काही मिळत नाही. दाट करडईला फांद्या फुटत नाहीत, एकच काठी वर जाते आणि तिच्यावर चार-सहा बोंडं लागतात.

करडईच्या दाण्याचं टरफल कठीण असतं. रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी सावलीत कोरडं करून पेरलं तर उगवण एकसारखी होते. ओल काठावरची असेल तेव्हा हे जरूर करावं. पाण्यावर तरंगणारे दाणे काढून टाका.

मग किलोला 3 ग्रॅम थायरम चोळा, म्हणजे बियाण्यासोबत येणाऱ्या बुरशीला आळा बसतो. रासायनिक नको असेल तर किलोला 5 ते 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरा. त्यावर नत्र (नायट्रोजन) मिळवून देणारे अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला 25 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून लावा. आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर जिवाणू, हाच क्रम ठेवा. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

पेरणी, खत, विरळणी

दोन चाड्याच्या, म्हणजे बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या, पाभरीने किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने दीड फुटावर ओळी घ्या. बी 5 सेंटिमीटर खोल, ओलीत पडलं पाहिजे. वरचा थर वाळलेला असेल तर फण थोडा खोल लावा, पण 7 सेंटिमीटरच्या पलीकडे जाऊ नका, कोंब वर येताना थकतो. पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून पापडी धरली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकी काटेरी फांदी ओढून ती फोडावी.

खत बियाण्यासोबतच, पण बियाण्याला न चिकटता, त्याच्या बाजूला किंचित खोल पडलं पाहिजे. कोरडवाहूला एकरी 20 किलो नत्र आणि 10 किलो स्फुरद द्यावं, सगळं पेरतानाच. डीएपीतून द्यायचं तर 22 किलो डीएपी आणि 35 किलो युरिया. सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचं तर 63 किलो सुपर फॉस्फेट आणि 43-44 किलो युरिया. यातला दुसरा मार्ग चांगला, कारण सुपर फॉस्फेटमधून गंधकही जातं आणि तेलबियांना ते हवंच असतं. बागायती पिकाला एकरी 30 किलो नत्र, 15 किलो स्फुरद. त्यातलं अर्धं नत्र पेरताना आणि अर्धं महिन्याने, पाण्याच्या आधी. कोरडवाहूत मागाहून युरिया फेकण्यात अर्थ नाही. वरचा थर कोरडा असतो, त्यामुळे तो मुळापर्यंत पोचतच नाही.

उगवण आठवडाभरात पूर्ण होते. दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या आत विरळणी करा. एका जागी एकच जोमदार रोप ठेवायचं आणि दोन रोपांत वीतभर अंतर. हे काम बहुतेक ठिकाणी टाळलं जातं. पण एका दिवसाच्या मजुरीत इतका फरक पाडणारं दुसरं काम या पिकात नाही. दाट ओळीत प्रत्येक झाड शेजाऱ्याची ओल ओढतं आणि फुलोऱ्याच्या वेळी दोघंही तहानलेली राहतात. पंधरवड्यानंतर विरळणी केली तर मुळं गुंतलेली असतात आणि ठेवलेलं रोपही हलतं.

विरळणीची रोपं फेकू नका. करडईची कोवळी पानं म्हणजे उत्तम पालेभाजी. निवडून, धुऊन, बारीक चिरायची. लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतायची आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. पानांच्या कडेचे काटे टणक व्हायच्या आतच भाजी करावी. फवारणी झालेल्या शेतातली मात्र खाऊ नये.

कोळपणी आणि भेगा

पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या आठवड्यात. पहिल्या दोन फासाच्या कोळप्याने, तिसरी दातेरी कोळप्याने. सुरुवातीला हेतू तण काढण्याचा असतो, कारण जमिनीलगत बसलेल्या रोपांवर तण सहज चढतं. पुढे हेतू बदलतो. काळी जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात, भेगांतून खालची ओल उडते आणि बारीक मुळं तुटतात. दातेरी कोळप्याने वरची माती मोकळी होऊन भेगांत पडते आणि त्या बुजतात. एकदा झाडं उंच होऊन काटे धरले की बैल किंवा माणूस आत जाऊ शकत नाही, म्हणून तिसरी कोळपणी चुकवू नये.

पाणी द्यायचं असेल तर

एकच पाणी शक्य असेल तर ते 50 ते 55 दिवसांनी, कळ्या धरताना द्यावं. दोन शक्य असतील तर पहिलं 30-35 दिवसांनी आणि दुसरं 55-60 दिवसांनी. यापेक्षा जास्त लागत नाही.

पाणी भेगा पडण्यापूर्वीच द्यायचं, हा नियम मोडला की पीक हातचं जातं. भेगाळलेल्या रानात मोकळं पाणी सोडलं की ते भेगांतून थेट खाली उतरतं, मुळांभोवती तुंबून राहतं आणि त्यांना हवा मिळेनाशी होते. तीन-चार दिवसांत ठिकठिकाणी झाडं वाळायला लागतात. शेतकरी म्हणतो, रोग आला. रोग असतोच, पण त्याला वाट या पाण्याने करून दिलेली असते. भेगा पडल्याच असतील तर पाणी नका देऊ. अगदीच द्यायचं तर एक सरी सोडून एक सरी, हलकं. तुषार संच असेल तर फुलं यायच्या आधी दोन-अडीच तास चालवा. फुलोऱ्यात तुषार नको. बोंडं भिजतात, परागकण वाया जातात आणि पानांवर ठिपक्यांना आमंत्रण मिळतं.

मावा

करडईचा मुख्य शत्रू हाच. काळसर तपकिरी, मऊ अंगाचे बारीक किडे शेंड्यावर आणि पानांच्या खाली दाटीवाटीने बसून रस शोषतात. अंगातून गोड चिकट पाणी टाकतात, ज्याला आपण चिकटा म्हणतो. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखं दिसतं. शेतात शिरल्यावर विजारीला पानं चिकटायला लागली की समजावं, उशीर झाला आहे.

मावा बांधाकडून आत येतो. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा आधी कडेच्या ओळी पाहा. शेतात तिरपं चालत जाऊन 20 झाडांचे शेंडे तपासा. फक्त कडेच्या झाडांवर मावा दिसला तर बांधालगतच्या दोन मीटरच्या पट्ट्यावरच फवारणी करा. अनेकदा तेवढ्यावर भागतं आणि आतले मित्रकीटक वाचतात. लाल-नारिंगी ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या, खडबडीत अळ्या मावा खातात. प्रत्येक शेंड्यावर त्या दिसत असतील तर चार दिवस वाट पाहा.

शेंड्याच्या 5 सेंटिमीटर भागावर 50 च्या आसपास मावा दिसू लागला, किंवा शेतातली 30 टक्के झाडं लागली, की पूर्ण शेताची फवारणी करावी. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क चालतो. 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, 200 ग्रॅम साबणचुरा मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी वापरा. प्रादुर्भाव वाढला असेल तर डायमेथोएट 30 टक्के, 10 लिटर पाण्याला 13 मिलि. एकरी साधारण 200 लिटर पाणी लागतं. औषध घेताना बाटलीच्या लेबलवर हे पीक आणि ही कीड लिहिलेली आहे ना, ते वाचा. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या दिशेने चालणं, यात हयगय नको. पहिल्या फवारणीनंतर पंधरा दिवसांनी पुन्हा शेंडे मोजून मगच दुसरीचं ठरवा.

ढगाळ हवा दोन-चार दिवस राहिली की मावा झपाट्याने वाढतो. त्या दिवसांत आठवड्याऐवजी दर तिसऱ्या दिवशी फेरी मारा.

उशिराच्या पिकात बोंडमाशीही येते. तिच्या अळ्या कळीच्या आत खातात. कळी सडते, दाबली की घाण वासाचा फेसाळ स्राव बाहेर येतो. अशा कळ्या तोडून पुरून टाका.

झाडं वाळतात तेव्हा

वाळणारं प्रत्येक झाड एकाच रोगाचं नसतं. झाड उपटा आणि खोड उभं चिरा. बाहेरून मूळ धडधाकट, पण खोडाच्या आत तपकिरी रेषा दिसत असतील तर तो मर रोग. यात बऱ्याचदा झाडाची एकच बाजू आधी पिवळी पडते. मुळाची साल सहज सोलून निघत असेल आणि ती काळी, कुजकी असेल, तर मूळकूज. मर जमिनीतून आणि बियाण्यातून येते. शेतात दिसल्यावर तिच्यावर इलाज नाही. रोगट झाडं जाळा, तीन वर्षं त्या रानात करडई घेऊ नका आणि तिथलं बियाणं ठेवू नका. मूळकुजीला बहुतेक वेळा साचलेलं पाणी कारण असतं.

पानांवर तपकिरी गोल ठिपके आणि त्यांत एकात एक वलयं दिसली तर तो पानांवरील ठिपक्यांचा रोग. पाऊस-धुक्यानंतर तो फोफावतो. दिसताच 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम मॅन्कोझेब फवारा. हवा कोरडी झाली की तो आपोआप थांबतो, मग उगाच दुसरी फवारणी नको.

फुलोरा आणि पाकळ्या

वेळेवर पेरलेलं पीक 70 ते 80 दिवसांनी फुलायला लागतं. मधल्या खोडाच्या शेंड्यावरचं बोंड आधी, मग फांद्यांवरची. शेतभर फुलोरा तीन-चार आठवडे चालतो. बहुतेक फुलं स्वतःच्याच परागावर फळतात, तरी मधमाश्या आल्या की दाणे जास्त भरतात. या काळात कीटकनाशक टाळा. अगदीच गरज पडली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारा.

पाकळ्या गोळा करायच्या तर पिवळं फूल नारिंगी-लालसर होऊन कोमेजू लागेपर्यंत थांबा. तोवर परागीभवन झालेलं असतं, त्यामुळे दाण्याचं नुकसान होत नाही. सकाळी चिमटीत धरून अलगद वर ओढल्या की पाकळ्या सुटतात. सावलीत, वाऱ्यावर पातळ पसरून वाळवा आणि हवाबंद डब्यात ठेवा. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. या पाकळ्यांचा काढा-चहा होतो आणि कापडही रंगतं.

रंगाचं तंत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा साध्या थंड पाण्यात उतरतो, लाल उतरत नाही. कापडाच्या वजनाइतक्या पाकळ्या फडक्यात बांधून, पाणी बदलत, पिवळा निघेपर्यंत चोळून धुवा. मग ताज्या थंड पाण्यात धुण्याचा सोडा घाला, पाणी बोटांना बुळबुळीत लागेल इतपत. त्यात पुरचुंडी तासभर मळा. पाणी तपकिरी लाल होतं. पुरचुंडी पिळून बाहेर काढा आणि त्या पाण्यात लिंबाचा रस हळूहळू घाला. फेस येतो आणि पाणी एकदम गुलाबी-लाल होतं. लगेच ओलं सुती किंवा रेशमी कापड बुडवून काही तास ठेवा. कुठेही गरम करू नका, उष्णतेने लाल रंग मरतो. कापड पुढे उन्हात वाळत घालू नये, हा रंग प्रकाशात फिका पडतो.

काढणी

पानं आणि बोंडांखालची हिरवी वेष्टणं तपकिरी झाली, बोंड चोळल्यावर पांढरे टणक दाणे सहज सुटले, की पीक तयार. पक्व बोंडातून दाणा गळत नाही, त्यामुळे आठवडाभर थांबावं लागलं तरी चालतं. पण अवकाळी पावसाचं सावट असेल तर थांबू नका. बोंडात पाणी गेलं की दाणा काळवंडतो, प्रसंगी बोंडातच मोड येतात.

हाताने कापणार असाल तर पहाटे कापा, दवाने काटे मऊ झालेले असतात. ऊन वर आल्यावर तेच काटे सुईसारखे टोचतात. जाड हातमोजे, पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा घालून, जमिनीलगत कापून बोंडं आत येतील असे छोटे ढीग लावा. चार-पाच दिवस वाळू द्या आणि काठीने बडवा किंवा मळणी यंत्रातून काढा. हार्वेस्टरने काढणार असाल तर उलट करा, दव पूर्ण उडाल्यावर यंत्र घाला. ओलसर बोंडं नीट फुटत नाहीत. ड्रमचा वेग जास्त असला तर टरफलं फुटतात आणि असा माल साठवणीत लवकर खवट होतो. पहिला फेरा झाला की टाकीतला मूठभर माल हातावर घेऊन फुटके दाणे पाहा आणि वेग कमी करून घ्या.

कोरडवाहूत एकरी 4 ते 5 क्विंटल, एक-दोन पाण्यांवर 6 ते 8 क्विंटल उत्पन्न चांगलं समजावं. दाणे 8 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. दाताखाली धरल्यावर दाणा चावला न जाता कट्कन फुटला पाहिजे. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचा.

घाणा आणि घरचं बियाणं

बहुतेक वाणांत तेल 28 ते 32 टक्के असतं. लाकडी घाण्यातून त्यातलं सगळं निघत नाही, क्विंटलमागे पाव हिस्सा तेल मिळालं तर घाणा चांगला म्हणावा. बी आदल्या दिवशी उन्हात तापवून, माती-खडे चाळून न्या. निघालेलं तेल तीन-चार दिवस स्थिर ठेवून वरचं निवळलेलं ओतून घ्या. या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे 75 टक्के असतं, त्यामुळे हवा आणि उजेड लागला की ते इतर तेलांच्या मानाने लवकर खवट होतं. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवा. वर्षाचं एकदम काढण्यापेक्षा बी साठवून तीन-तीन महिन्यांचं तेल काढत जा. टरफलासकट निघालेल्या पेंडीत चोथा फार असतो, जनावरांना ती थोडीच द्यावी. उरलेली शेणखतात मिसळावी.

सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बियाणं दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. त्यासाठी शेताच्या मधला, रोग नसलेला पट्टा निवडा आणि कडेच्या ओळी सोडा. बिनकाट्याच्या वाणात एक काळजी जास्त घ्यावी लागते. शेजारी काटेरी करडई असेल तर मधमाश्यांमुळे थोडा संकर होतोच आणि काटेरीपणा वरचढ ठरतो. पुढच्या वर्षी शेतात काटेरी झाडं उगवलेली दिसतात. ती फुलं यायच्या आत उपटून टाका. मळणीआधी चांगल्या झाडांची मधली मोठी बोंडं वेगळी खुडून, हाताने चोळून त्यांचंच बी ठेवा. पेरणीच्या पंधरा दिवस आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. 80 च्या खाली उगवले तर बियाण्याचं प्रमाण तितकं वाढवा, आणि 60 च्याही खाली आले तर ते बी घाण्याला देऊन नवं आणा.